जॉइन रिकामा येतोय? आयपी पत्ते आणि मास्क एका साच्यात आणायची पद्धत

दोन टेबलं आहेत. एकात नेटवर्क उपकरणांवरून गोळा केलेले पत्ते आणि मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), दुसऱ्यात सर्व्हरच्या लॉगमधले पत्ते. १९२.०.२.१३० हा पत्ता दोन्हीकडे डोळ्यांना दिसतो, पण त्या पत्त्यावर दोन टेबलं जोडणारा जॉइन लावला की एकही रो हाती लागत नाही. मग कोणीतरी क्वेरीत ट्रिम लावतं, रिप्लेस लावतं, स्लॅशनंतरचा भाग कापून टाकतं, आणि त्या दिवसाचा अहवाल निघतो. पुढच्या महिन्यात नव्या कंपनीचं राउटर येतं, त्याचा मास्क वेगळ्याच रूपात येतो आणि पुन्हा तोच गोंधळ सुरू होतो.

हा त्रास सारखा उलटतो त्याला माझ्या मते एकच कारण आहे. दुरुस्ती क्वेरीत केली जाते. ती व्हायला हवी डेटा आत येतो त्या दारावर. आयपी पत्ता हा मजकूर नसतो. नेहमीच्या आयपीव्ही४ मध्ये तो ३२ बिटांचा आकडा असतो, टिंबं टाकून लिहिलेलं रूप फक्त माणसांच्या सोयीसाठी. ते रूप मजकूर म्हणून साठवलं की प्रत्येक क्वेरीला त्याचा अर्थ नव्याने लावावा लागतो, आणि प्रत्येक जण तो आपापल्या पद्धतीने लावतो.

खालची बहुतेक उदाहरणं १९२.०.२.०/२४ या पट्ट्यातली आहेत. स्लॅशनंतरचा २४ म्हणजे प्रीफिक्स लांबी, पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे ते. आरएफसी ५७३७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने हा पट्टा लिखाणात उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवला आहे, त्यामुळे कोणाच्या खऱ्या यंत्राला धक्का लागत नाही.

आधी कॉलममध्ये नक्की काय आहे ते पाहा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक क्वेरी चालवा. कॉलममधल्या अंकांच्या प्रत्येक सलग गटाच्या जागी एकच अक्षर ठेवा, समजा ‘न’, आणि येणाऱ्या आकारावर ग्रुप करून मोजणी काढा. पोस्टग्रेसमध्ये रेजएक्स्प_रिप्लेस वापरताना ‘जी’ हा फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर फक्त पहिलाच गट बदलतो. मायएसक्यूएल ८ मध्ये त्याच नावाचं फंक्शन आपणहून सगळे गट बदलतं.

उत्तर साधारण असं येतं: न.न.न.न हा आकार सर्वात जास्त, त्याखाली न.न.न.न/न, मग न.न.न.न/न.न.न.न, मग न.न.न.न:न म्हणजे पत्त्याला चिकटून आलेला पोर्ट, एखादा नुसता न म्हणजे आकडा म्हणून साठवलेला पत्ता, आणि शेवटी असे काही आकार जे दिसायला पहिल्यासारखेच असतात पण वेगळ्या ओळीत मोजलेले असतात. या शेवटच्या जातीकडे नीट लक्ष द्या. तिथे मागे-पुढे स्पेस, टॅब, किंवा वेबपेजवरून नाहीतर स्प्रेडशीटमधून आलेली न तुटणारी स्पेस दडलेली असते. साधं ट्रिम ही शेवटची स्पेस काढत नाही, कारण तिचा कॅरेक्टर कोड वेगळा असतो. ती नावानिशी रिप्लेस करावी लागते.

ही एक क्वेरी तासन्‌तासांचे अंदाज वाचवते. किती प्रकारची रूपं आहेत हे कळल्याशिवाय लिहिलेलं रूपांतर अर्ध्याच रोंना लागू पडतं, आणि उरलेले अर्धे गुपचूप गळतात.

मजकूर म्हणून तुलना का फसते

मजकुराच्या क्रमात १९२.०.२.१० हा १९२.०.२.९ च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरागणिक होते आणि १ हा ९ पेक्षा लहान. म्हणून ‘१९२.०.२.९ ते १९२.०.२.२०’ अशी बिटवीनची अट मजकुरावर लावली तर खालची मर्यादा वरच्या मर्यादेपेक्षा मोठी ठरते आणि क्वेरी काहीच देत नाही. एरर येत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

लाइकची, म्हणजे नमुन्याशी मजकूर जुळवणाऱ्या अटीची, गत उलटी, ते नको तेवढं देतं. ‘१९२.०.२.१%’ लिहिलं की १ येतो, १० ते १९ येतात आणि १०० ते १९९ ही येतात, म्हणजे १११ पत्ते. शेवटी टिंब देऊन ‘१९२.०.२.%’ लिहिलं तर ते बरोबर चालतं, पण फक्त /८, /१६ आणि /२४ च्या सीमांवर. /२६ आला की लाइकचं काही चालत नाही.

पुढे लावलेली शून्यं

क्रम नीट लागावा म्हणून जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येक ऑक्टेट (पत्त्याच्या चार भागांपैकी एक) तीन अंकी करायची चाल होती: १९२.०००.००२.०१०. मजकुराचं सॉर्टिंग त्याने खरंच जमतं. पण हा मजकूर दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात गेला की धोका सुरू होतो. सी भाषेच्या जुन्या लायब्ररीतलं इनेट_एटॉन शून्याने सुरू होणारा भाग अष्टमान (८ च्या पायावरचा आकडा) समजतं, म्हणून ०१० चे ८ होतात. मायएसक्यूएलचं त्याच नावाचं फंक्शन तो भाग दशमान धरतं, म्हणून १० च राहतात. पायथॉनचं आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल ३.९.५ पासून असा पत्ता सरळ नाकारतं, कारण या दुहेरी अर्थाला सुरक्षेतली त्रुटी म्हणून नोंदवलं गेलं होतं.

एकाच मजकुराची तीन ठिकाणी तीन उत्तरं. म्हणून पुढची शून्यं काढताना ‘हे दशमानच आहे’ ही खात्री स्रोत बघूनच करायची. सगळे ऑक्टेट तीन अंकी असतील तर ते सॉर्टिंगसाठी भरलेलं दशमान असण्याची शक्यता जास्त, आणि कुठेही ८ किंवा ९ हा अंक असलेला, शून्याने सुरू होणारा भाग सापडला तर ते अष्टमान नाही हे नक्की. एखाद्याच रोमध्ये एखादंच शून्य दिसलं तर मात्र तो रो बाजूला काढून माणसाकडून तपासून घ्या.

स्प्रेडशीटचाही इथे हात असतो. १०.२० असा दोन भागांत लिहिलेला नेटवर्क ती आकडा समजून १०.२ करते, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ काय होतं ते परत मिळत नाही. स्प्रेडशीटमधून येणारा कॉलम आधी टेक्स्ट म्हणून ठरवून घ्या, मग त्यात डेटा पेस्ट करा.

आकडा असूनही चुकीचा

कॉलममध्ये आकडे आहेत म्हणून हायसं वाटायचं कारण नाही. १९२.०.२.१३० चा योग्य आकडा ३२२१२२६११४. साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही ठेवणाऱ्या, ३२ बिटी कॉलममध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात, म्हणजे १२७ पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांपर्यंतच. त्यापुढचे पत्ते काही प्रोग्राम ऋण आकडे म्हणून साठवतात. आपला पत्ता तिथे -१०७३७४११८२ असा दिसेल. यात ४२९४९६७२९६ मिळवले की मूळ आकडा परत येतो. मायएसक्यूएलमध्ये कॉलम अनसाइन्ड ठेवा, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये बिगइंट घ्या.

दुसरा प्रकार बाइट उलटे साठवल्याचा. १९२.०.२.१० चा आकडा ३२२१२२५९९४ यायला हवा. त्याऐवजी १६७९०३४२४ दिसला तर तो खरं तर १०.२.०.१९२ आहे, म्हणजे तोच पत्ता मागून पुढे. हे ओळखायची सोपी खूण: परत पत्त्यात बदलल्यावर आपल्या ओळखीचे पहिले दोन भाग शेवटी दिसायला लागतात.

मास्क: खरी डोकेदुखी

पत्त्याची रूपं तरी ओळखू येतात. मास्कचं तसं नाही. /२४, नुसतं २४, २५५.२५५.२५५.०, ०.०.०.२५५, सोळामानातलं ०एक्सएफएफएफएफएफएफ००, आणि आकडा म्हणून ४२९४९६७०४०: ही सगळी एकाच गोष्टीची नावं. बीएसडी घराण्यातल्या सिस्टिम आणि मॅकवर इफकॉन्फिग सोळामानातला मास्क दाखवतं. ०.०.०.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क, तो सिस्कोच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कोणाला आत सोडायचं त्या नियमांच्या यादीत) भेटतो. तिथे १ चा अर्थ ‘या बिटाकडे बघू नका’ असा असतो, म्हणजे नेहमीच्या मास्कच्या बरोबर उलटा.

नेहमीचा मास्क आणि वाइल्डकार्ड यांत फरक कसा करायचा? पहिला ऑक्टेट १२८ किंवा जास्त असेल तर नेहमीचा मास्क, त्याहून कमी असेल तर वाइल्डकार्ड. हा नियम जवळपास सगळीकडे चालतो, फक्त दोन ठिकाणी अडतो आणि ती दोन ठिकाणं फार महत्त्वाची आहेत. ०.०.०.० हा नेहमीचा मास्क म्हणून वाचला तर /०, म्हणजे सगळं जग. वाइल्डकार्ड म्हणून वाचला तर /३२, म्हणजे एकच होस्ट (एकच यंत्र). २५५.२५५.२५५.२५५ चं याच्या बरोबर उलट. रोमध्ये बघून याचं उत्तर सापडत नाही, क्वेरीत कितीही हुशार केस-अट लिहिली तरी. म्हणून येणाऱ्या प्रत्येक फाइलसोबत ‘या स्रोताचा मास्क कोणत्या जातीचा’ असा एक वेगळा कॉलम ठेवाच. फायरवॉलचे नियम तपासणाऱ्या क्वेरीत ही अदलाबदल झाली, तर एका यंत्रापुरती दिलेली परवानगी सगळ्यांना दिल्यासारखी दिसते, किंवा सगळ्यांना उघडलेलं दार एकाच यंत्रापुरतं वाटतं.

वाइल्डकार्डची आणखी एक गोष्ट. अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये ०.०.०.२५४ असा तुटक वाइल्डकार्ड चालतो; १९२.०.२.० सोबत तो लावला की शेवटचा ऑक्टेट सम असलेले सगळे पत्ते जुळतात. याला प्रीफिक्स लांबी नसतेच. असा रो बळेच /२४ मध्ये बसवू नका, ‘रूपांतर होत नाही’ अशी खूण करून वेगळा ठेवा.

मास्कवरून प्रीफिक्स लांबी काढायला बऱ्याच ठिकाणी मायएसक्यूएलचं बिट_काउंट(इनेट_एटॉन(मास्क)) सुचवलं जातं. शुद्ध डेटावर ते बरोबर आहे: २५५.२५५.२५५.१९२ चे २६ येतात. पण ते फक्त १ मोजतं, ते सलग आहेत का ते बघत नाही. कोणी चुकून २५५.०.२५५.० टाइप केलं तरी ते शांतपणे १६ देतं. आणि त्याच कॉलममध्ये नुसतं ‘२४’ लिहिलेला रो असेल तर इनेट_एटॉन तो ०.०.०.२४ असा पत्ता समजू शकतं; २४ म्हणजे द्विमानात ११०००, त्यात १ दोनच, म्हणून /२४ चा /२ होऊन बसतो. असा एक सबनेट (नेटवर्कचा एक तुकडा) टेबलात शिरला की जगाचा पाव भाग त्यात जुळायला लागतो.

सलगपणा तपासायचा असेल तर वाइल्डकार्डचा आकडा घ्या, त्यात १ मिळवा आणि दोघांचा बिटवाइज अँड करा, म्हणजे दोन्हींत १ असलेले बिटच ठेवा. शून्य आलं तर मास्क ठीक. ०.०.०.६३ म्हणजे ६३; ६३ & ६४ = ०, म्हणून चालेल. २५५.०.२५५.० चा उलटा ०.२५५.०.२५५ म्हणजे १६७११९३५. यात १ मिळवून अँड केल्यावर शून्य येत नाही, म्हणून बाद.

मास्क उलटा करताना मायएसक्यूएलमध्ये एक खड्डा आहे. ~ हे चिन्ह तिथे ६४ बिटांवर चालतं. २५५.२५५.२५५.० वर ते लावलं की २५५ ऐवजी १८४४६७४४०६९४१४५८४५७५ असा अगडबंब आकडा येतो. ४२९४९६७२९५ मधून मास्क वजा करा, म्हणजे प्रश्नच येत नाही. याचा जुळा भाऊ प्रोग्रामिंग भाषांत भेटतो. जावामध्ये ३२ बिटी इंटला ३२ ने डावीकडे सरकवलं की तो हलतच नाही, कारण सरकवण्याच्या आकड्याचे फक्त शेवटचे पाच बिट धरले जातात. परिणामी /० साठी काढलेला मास्क २५५.२५५.२५५.२५५ निघतो. /० हा नेहमी वेगळा हाताळा.

खरं सांगायचं तर मी ही सूत्रं क्वेरीत ठेवूच नये या मताचा आहे. मास्क एकूण असतात किती? /० पासून /३२ पर्यंत, ३३. त्यांचं एक टेबल करून ठेवा: प्रीफिक्स लांबी, टिंबांचा मास्क, वाइल्डकार्ड, सोळामान, आकडा. पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीज(०, ३२) वर सेट_मास्कलेन, नेटमास्क आणि होस्टमास्क ही फंक्शनं चालवली की टिंबांचे दोन्ही कॉलम एका क्वेरीत भरतात. मग येणारा मास्क त्याच्या जातीच्या कॉलमशी लेफ्ट जॉइन करा. जुळला तर प्रीफिक्स लांबी मिळाली, नाही जुळला तर नल आला आणि चुकीचा रो आपोआप उघडा पडला. सूत्र चुकीच्या मास्कलाही काहीतरी उत्तर देतं. टेबल देत नाही. शिवाय दुसऱ्या कोणालाही ते बघून लगेच समजतं.

एक रो हाताने सोडवून पाहू

पत्ता १९२.०.२.१३०, मास्क २५५.२५५.२५५.१९२. टेबलातून प्रीफिक्स लांबी २६. पत्त्याचा आकडा ३२२१२२६११४, मास्कचा ४२९४९६७२३२. दोघांचा अँड केला की ३२२१२२६११२, म्हणजे १९२.०.२.१२८. हा नेटवर्क पत्ता. ३२ मधून २६ गेले, उरले ६ बिट, म्हणजे ६४ पत्ते; शेवटचा ३२२१२२६११२ + ६३ = ३२२१२२६१७५, म्हणजे १९२.०.२.१९१.

आता लक्षात येईल की उपकरणाने पाठवलेलं १९२.०.२.१३०/२६ आणि नोंदवहीतलं १९२.०.२.१२८/२६ हे एकच सबनेट दाखवतात, पण मजकूर म्हणून कधीच जुळणार नाहीत. सबनेटची तुलना करायची तर आधी होस्टचे बिट (प्रीफिक्सनंतर उरलेले) शून्य करायलाच हवेत. जॉइन रिकामा येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

पोस्टग्रेस

इथे इनेट आणि सिडर असे दोन तयार टाइप आहेत. इनेट पत्ता आणि प्रीफिक्स दोन्ही सांभाळतो, होस्टच्या बिटांसकट. सिडर फक्त नेटवर्क घेतो, होस्टचे बिट शून्य नसतील तर एरर देतो. म्हणून ‘१९२.०.२.१३०/२६’ हा मजकूर थेट सिडरमध्ये टाकला तर क्वेरी पडते, पण आधी इनेट आणि मग सिडर असं दोन पायऱ्यांनी टाकला तर होस्टचे बिट न बोलता शून्य होतात. कोणतं हवं ते ठरवून करा. नोंदवहीतल्या सबनेटसाठी मला एरर आलेली आवडते, उपकरणाच्या इंटरफेससाठी नेटवर्क() हे फंक्शन.

आता तीन ठिकाणी जपून. इनेटमध्ये १९२.०.२.१३०/२६ आणि १९२.०.२.१३० समान नाहीत, कारण तुलनेत प्रीफिक्सही धरला जातो आणि नुसत्या पत्त्याचा प्रीफिक्स ३२ असतो. पत्त्यावर जॉइन करायचा असेल तर दोन्ही बाजूंना होस्ट() लावा. दुसरं, इनेट टेक्स्टमध्ये कास्ट केला (टाइप बदलला) की १९२.०.२.१३० चा ‘१९२.०.२.१३०/३२’ होतो, एरवी दाखवताना /३२ लपलेला असतो, त्यामुळे हा फरक बराच वेळ कळत नाही. इथेही उपाय होस्ट(). तिसरं, सिडरला अर्धवट पत्ता दिला तर तो जुन्या ए, बी, सी वर्गांप्रमाणे प्रीफिक्स ठरवतो. ‘१०’ चा १०.०.०.०/८ होतो, ‘१२८.१’ चा १२८.१.०.०/१६, पण ‘१९२.१६८’ चा १९२.१६८.०.०/२४. /१६ अपेक्षित असताना /२४ आल्यामुळे बाकीचे सबनेट बाहेर राहतात. प्रीफिक्स नसलेला रो सिडरमध्ये जाऊच देऊ नका.

‘१९२.०.२.०/२५५.२५५.२५५.०’ हे रूप पोस्टग्रेस स्वीकारत नाही. स्लॅशवर तोडा, मागचा भाग ३३ ओळींच्या टेबलातून प्रीफिक्समध्ये बदला, परत जोडा आणि मग कास्ट करा. एखादाच सडका रो सगळी क्वेरी पाडत असेल तर आवृत्ती १६ पासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन आहे. ते एरर न देता खरं-खोटं सांगतं, त्यावर गाळून घ्या.

पत्ता सबनेटमध्ये आहे का, हे <<= ने विचारायचं. टेबल मोठं असेल तर जिस्ट इंडेक्स घाला, पण त्यात इनेट_ऑप्स हा ऑपरेटर क्लास स्वतः लिहावा लागतो, तो आपोआप लागत नाही.

मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर

मायएसक्यूएलमध्ये आकडा अनसाइन्ड कॉलममध्ये ठेवा आणि सबनेटच्या टेबलात सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे. तुलना मग साध्या बिटवीनची होते. इनेट_एटॉन जॉइनच्या अटीत कॉलमवर लावू नका, इंडेक्स वापरला जात नाही आणि लाखो रोंवर क्वेरी रखडते. ५.७ पासून जनरेटेड कॉलम आहेत. मजकुराशेजारी आकड्याचा कॉलम त्यातून तयार करा आणि इंडेक्स त्यावर घाला.

आयपीव्ही६ साठी इनेट६_एटॉन आहे. ते आयपीव्ही४ चे ४ बाइट देतं आणि आयपीव्ही६ चे १६. कॉलम व्हारबायनरी(१६) हवा. बायनरी(१६) ठेवलात तर ४ बाइटांच्या उजवीकडे शून्यं भरली जातात आणि परत वाचताना १९२.०.२.१० च्या जागी सी०००:२०ए:: असा भलताच आयपीव्ही६ पत्ता निघतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये तयार टाइप नाही. पार्सनेम हे फंक्शन मुळात ऑब्जेक्टच्या नावांसाठी आहे, पण टिंबांवर चार भाग पाडतं म्हणून कामाला येतं. भाग उजवीकडून मोजले जातात, त्यामुळे पहिला ऑक्टेट म्हणजे चौथा भाग. गुणाकाराआधी बिगइंटमध्ये कास्ट करा, नाहीतर १२८ पासून पुढच्या पत्त्यांवर ओव्हरफ्लो.

आयपीव्ही६ चा साचा

२००१:डीबी८:०:०:०:०:०:१, २००१:०डीबी८::०००१ आणि २००१:डीबी८::१ हा एकच पत्ता. प्रमाण रूप कोणतं, ते २०१० सालच्या आरएफसी ५९५२ ने ठरवून दिलं: सोळामानाची अक्षरं छोट्या लिपीत, प्रत्येक गटातली पुढची शून्यं काढलेली, शून्य गटांची सर्वात लांब रांग :: ने दाखवलेली, दोन रांगा सारख्या असतील तर पहिली, आणि एकट्या शून्य गटासाठी :: नाही. हे स्वतः रेजएक्सने करू नका. डेटाबेसच्या टाइपमध्ये टाका आणि परत बाहेर काढा, प्रमाण रूप मिळतं.

एक मात्र हाताने बघावं लागतं. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही ऐकणारे सर्व्हर लॉगमध्ये बऱ्याचदा ::एफएफएफएफ:१९२.०.२.१० असं लिहितात. डेटाबेसच्या दृष्टीने तो आयपीव्ही६ पत्ता, तो साध्या १९२.०.२.१० शी जुळत नाही. आत घेतानाच पुढचा भाग काढून आयपीव्ही४ करा. पत्त्यामागे % लावून इंटरफेसचं नाव आलं असेल तर ते वेगळ्या कॉलममध्ये हलवा.

जॉइन भरला, पण आता रो दुप्पट

रूपांतर जमलं की लगेच हा दुसरा प्रश्न उभा राहतो. एकच पत्ता १९२.०.०.०/१६, १९२.०.२.०/२४ आणि १९२.०.२.१२८/२६ या तिन्हींत बसतो, म्हणून लॉगचा एक रो तीनदा येतो आणि बेरजा फुगतात. डिस्टिंक्टने हे झाकायला जाऊ नका, बेरीज त्याने बरोबर होत नाही. राउटर जसं करतो तसंच करा: जुळणाऱ्या सबनेटपैकी सर्वात लांब प्रीफिक्सचा एकच घ्या. पोस्टग्रेसमध्ये लॅटरल जॉइन, आत मास्कलेनच्या उतरत्या क्रमाने लिमिट १. इतरत्र विंडो फंक्शन, पत्त्यागणिक क्रमांक लावून पहिला.

‘सुरुवात-शेवट’ अशा रूपात आलेल्या पट्ट्यांना मात्र एका प्रीफिक्समध्ये कोंबायचा हट्ट नको. १९२.०.२.१० ते १९२.०.२.२० याचे चार तुकडे होतात: १०/३१, १२/३०, १६/३० आणि २०/३२. सरळ १९२.०.२.०/२७ लिहून मोकळं होणं सोपं, पण त्यात २१ नको असलेले पत्ते शिरतात. अशा डेटासाठी दोन आकड्यांचे कॉलमच ठेवा.

दारावर काय बसवायचं

फाइल आली की ती आधी कच्च्या टेबलात जशीच्या तशी जाते, मूळ मजकूर कधीच पुसायचा नाही. तिथून पक्क्या टेबलात जाताना पत्ता योग्य टाइपमध्ये, मास्क प्रीफिक्स लांबीच्या एका छोट्या आकड्यात, सबनेट होस्टचे बिट शून्य करून. जे रो बसत नाहीत ते कारणासह तिसऱ्या टेबलात. पक्क्या टेबलावर चेक कन्स्ट्रेंट: प्रीफिक्स आयपीव्ही४ साठी ० ते ३२, आयपीव्ही६ साठी ० ते १२८, आणि सबनेटचा पत्ता त्याच्या नेटवर्क पत्त्याइतकाच.

नवा स्रोत जोडताना हे नमुने त्या वाटेने एकदा पाठवून बघा: /०, /३१, /३२, ०.०.०.० हा मास्क दोन्ही जातींचा म्हणून, २५५.०.२५५.०, शून्यं भरलेला ०१०, मागे न तुटणारी स्पेस, पोर्टसकट पत्ता, ::एफएफएफएफ: वाला पत्ता, आणि १२८ च्या वरचा एखादा. मग पक्क्या टेबलातले पत्ते परत मजकुरात बदलून कच्च्या मजकुराशी ताडा. जिथे फरक दिसेल तिथला प्रत्येक फरक कोणत्या नियमामुळे पडला ते सांगता यायला हवं. सांगता न येणारा एकही रो उरला, तर तो स्रोत अजून अहवालाला जोडू नका.